दिवा काढा, भोंगा बंद करा

निवृत्त माणसाकडे दोन गोष्टी भरपूर साठतात. औषधं आणि किस्से. औषधं डॉक्टर तरी कमी करतो, किस्से कोण कमी करणार? परवा चिंचवडला जुनी मंडळी चहाला जमली आणि एकजण म्हणाला, "अरे, ते सभेतलं सांग की!" मग काय, सुटलो.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. समित्या नव्या नव्या होत्या, तेव्हापासून सभेत सभापतींच्या डाव्या हाताला बसायचो. सभापती बापूसाहेब, भला माणूस, आवाज पहाडी. गावोगावचे सदस्य उठून मागण्या मांडायचे. रस्ता द्या, शाळेवर कौलं घाला, बियाणं पाठवा. पण अधूनमधून एखादी मागणी अशी यायची की सभागृहात पंख्याची कुरकुर ऐकू यायची.

*

अनसूयाबाई म्हणजे सभेतल्या एकट्या महिला सदस्य. कधी बोलायच्या नाहीत. एकदा एकदम उठल्या.

"आमच्या जुन्या विहिरीवर जाळी टाका."

"कुणी पडलं का बाई?"

"पडलं न्हाई. पर ती हाका मारती. बाया वाकून बघत्यात."

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. बापूसाहेबांनी माप घ्यायला ओव्हरसियर पाठवला. कोकणातला तरणा पोरगा, नुकताच रुजू झालेला, गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं. भर दुपारी गेला आणि टेप तिथंच टाकून परत आला.

"साहेब, जाळी नको. विहीर बुजवा."

"का रे, तुलाही हाक मारली की काय?"

"मारली ना. बाबल्या म्हणून." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "मला बाबल्या फक्त आई म्हणायची. ती गेली, साहेब."

*

शंकरराव म्हणून एक सदस्य होते, हजरजबाबी माणूस. त्यांनी मागणी केली, माळावरच्या चिंचेखालचा एसटीचा थांबा हलवा.

बापूसाहेब चिडले. "अहो, भांडून तुम्हीच घेतलात ना तो?"

"घेतला. आता नको. गाडी थांबती, दार उघडतं, कुणीच उतरत न्हाई."

"मग तुमचं काय बिघडलं?"

"कुणी उतरत न्हाई राव, पर गाडी हलकी होऊन जाती! ड्रायव्हरला इचारा."

बापूसाहेबांनी खरंच चौकशी केली. ड्रायव्हर बदली मागून केव्हाच गेला होता!

*

याच शंकररावांच्या गावात वीज आली. चावडीपुढं खांब, खांबावर दिवा. गुलाल उधळला, पेढे वाटले. आणि दोन-तीन सभा झाल्यावर शंकरराव उठले.

"चावडीपुढचा दिवा काढा."

"आता दिव्यानं काय केलं?"

"दिवेलागणीला आमी म्हातारी मंडळी तिथं बसतो. उजेडात सावल्या पडत्यात. माणसांपरीस एक सावली जास्त भरती." जरा थांबून म्हणाले, "अंधारात कळत नव्हतं, ते बरं होतं."

शेवटी खांब देवळाकडे हलवला. पुढं कधीतरी मी विचारलं, "काय शंकरराव, आता ठीक ना?"

"एकदम ठीक. ती तिकडं उजेडात बसती, आमी हिकडं अंधारात!"

*

चाकणच्या बाजूला तेव्हा एक नवी कंपनी उभी राहत होती. शेजारच्या गावचे सदस्य तावातावानं आले.

"कंपनीचा पहाटचा भोंगा बंद करा! म्हशी बिथरत्यात, लेकरं रडत उठत्यात."

कंपनीच्या मॅनेजरला सभेला बोलावलं. टाय वगैरे लावून आला बिचारा. म्हणाला, "अहो, आमच्या भिंतीसुद्धा पुऱ्या झालेल्या नाहीत. भोंगा अजून आणलाच नाही!"

"मग आमी ऐकतो ते काय?" आणि सदस्यांनी भर सभेत तोंडानं भोंगा वाजवून दाखवला. दोन लांब, एक तुटका. मॅनेजर पोट धरून हसला.

यथावकाश कंपनी सुरू झाली. उद्घाटनाला मी होतो. नारळ फुटला, मॅनेजरनं बटण दाबलं. दोन लांब, एक तुटका! त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

आणि शेजारच्या गावात? एक कुत्रं भुंकलं नाही, एक म्हैस बिथरली नाही. सवय झाली होती ना सगळ्यांना!

*

आता तात्यांचं सांगतो. तात्या डोंगराकडच्या गावचे. त्यांची सून बाळंतपणात अडली, तेव्हा मधला ओढा तुडुंब भरलेला. दवाखाना अलीकडे, गाव पलीकडे. पोरगी काठावरच गेली. त्यानंतर तात्या निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले आणि प्रत्येक सभेत एकच मागणी मांडत राहिले. ओढ्यावर साकव बांधा. माणसं चालत पलीकडे जातील, एवढाच पूल. प्रस्ताव जिल्ह्याला गेलेला, मंजुरीचा पत्ता नव्हता.

त्या वर्षी श्रावणातल्या सभेला डोंगराकडचं कुणीच आलं नाही. सगळे ओढे भरलेले. फक्त तात्या आले. पांढरं धोतर, कोरडं ठणठणीत. उभे राहून हात जोडले.

"सभेचे आभार मानतो. साकव झाला."

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तात्या, अजून मंजुरीच नाही आली."

"मंग मी आलो कशावरनं?"

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही, असं सगळ्यांना वाटलं. सभा आटोपल्यावर बापूसाहेबांनी जीप काढली. तात्यांना सोडायला आम्ही दोघं निघालो.

ओढ्यापाशी पोचलो. या काठापासून त्या काठापर्यंत गढूळ पाणी, त्यात आख्खी झाडं वाहत चाललेली. पूल नाही, काही नाही. तात्या जीपमधून उतरले.

"या की, च्या घेऊन जावा. मजबूत हाय."

बापूसाहेबांनी त्यांचा दंड धरला. "तात्या, समोर पाणी आहे हो!"

"भ्यायचं काय त्यात? सूनबाई हाय की. हात धरती ती." तात्यांनी हळूच दंड सोडवून घेतला आणि चालू लागले.

तेवढ्यात अशी सर आली की हातभर पुढचं दिसेना. आम्ही दोघं हाका मारत काठाकडे धावलो. बापूसाहेबांचा तो पहाडी आवाज, पण पाण्याच्या घोंगावण्यात विरून गेला.

सर ओसरली. तात्या पलीकडच्या काठावर उभे होते. धोतर तसंच, पांढरं, कोरडं. त्यांनी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडले,

"बापूसाहेब, पुढच्या सभेला कठड्याचा इषय घ्या! सूनबाईनं येकटीनं किती जणांस्नी धरायचं?"