दसऱ्याची जाळी

लाखनीच्या बाहेर, हायवेलगतच्या एका राइस मिलमध्ये मी फिटर आहे. आमच्याकडे यंत्रांची देखभाल वर्षातून एकदाच होते, दसऱ्याला. त्या दिवशी मिल बंद. यंत्रं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. एरवी मशीन थांबवू म्हटलं की शेठजींच्या कपाळाला आठ्या.

एका दसऱ्याला त्यांनी लोखंडी जाळी आणली. मोटरच्या पट्ट्यात कुणाचा हात जाऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण ती बनवणाऱ्याने मिल चालताना पाहिलीच नव्हती. ओल्या धानासोबत तणस, म्हणजे पेंढा, येते, पट्ट्याच्या पुलीत अडकते. ती काढायची तर जाळीचे सगळे बोल्ट खोला. मी म्हटलं, कबजे लावू, दारासारखी उघडेल, आणि जाळी उघडली की मोटर बंद होईल असा स्विच बसवू.

"स्विच बिघडला त मिल बंद," शेठजी म्हणाले. "मंग धान तू कांडशीन का?"

हंगाम लागला आणि जाळी निघाली ती निघालीच. भिंतीला टेकवून ठेवली, कुंकवासकट. पूजेची म्हणून तिला कुणी पाय लागू देत नव्हतं. पट्टा उघडाच.

त्या पट्ट्यावर माझा दोस्त कामाला होता. मी रोज टोकायचो, "मशीन बंद करून काढत जा बे."

"बंद केली का शेठजी हापिसाच्या खिडकीतून पायते. मले का हौस हाये?"

एका सकाळी तणस ओढताना त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

मग शेठजींना सुरक्षा आठवली. पुन्हा कोणी काढायलाच नको म्हणून जाळी वेल्डिंग करून पक्की केली. आठवडाभरात पुली तुंबली. तेव्हा म्हणाले, हात जाईल एवढी खिडकी काप. मी नाही म्हटलं. त्यांनी बाहेरून वेल्डर आणून ती कापून घेतली. शेठजींचा मला अजून राग येतो. रोज सकाळी त्यांनाच नमस्कार करावा लागतो, याचा जास्त येतो.

दोस्ताला गेटवर चौकीदार ठेवलं आहे. शेठजी ते उपकार म्हणून चारचौघांत सांगतात. यंदा दसऱ्याला नारळ त्यालाच फोडायला लावला. त्याने तो डाव्या हाताने फोडला, जाळीला कुंकू लावलं. मग खिडकीतून तोच हात आत घातला आणि थांबलेल्या पट्ट्यावर ठेवला.

"पोचते बे," तो मला म्हणाला. "बरोबर पोचते."

मागे शेठजी प्रसाद वाटत होते.