शाफ्टची जोडी

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो कागद टाईप केले, पण टाईप करताना हसू आवरलं नाही असा कागद एकच. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. कागद एका जीपच्या शाफ्टचा होता.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती आणि पंचायत समित्या तर त्याहून नव्या. घाटाखालच्या आमच्या समितीला कुठल्याशा खात्यानं वापरून सोडलेली एक जीप मिळाली. टप फाटका, हॉर्न मर्जीतला. पण चारही चाकं ओढणारी गाडी. पावसाळ्यात पूर्णाकाठच्या काळ्या रानात बैलगाडीचाही कणा बुडतो, तिथं आमची जीप गुरगुरत जायची. सभासद मंडळींना तिचं एवढं वेड की विहिरीच्या उद्घाटनालाही ती लागायची आणि पोरगी पाहायलाही. पुढच्या सीटवर कोण बसायचं यावरून दोन सभासदांनी महिनाभर अबोला धरला होता.

जीपबरोबर ड्रायव्हर आला. लष्करात ट्रक चालवून आलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. बौद्धवाड्यात राहायचा. ज्या घरांत त्याला अंगणात उभं राहून ओंजळीनं पाणी प्यावं लागे, त्याच घरांतले कर्ते पुरुष जीपमध्ये त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचे. पुढच्या सीटच्या भांडणात विटाळ आठवायला कुणाला सवडच नसायची.

त्याच्या नेमणुकीचा कागद मीच टाईप केला होता. त्यात 'सदर वाहन सेवेत असेपर्यंत' असे शब्द होते. मी त्याला अर्थ सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "म्हन्जे गाडी हाये तवर मी हाये."

"हाव, भाऊ," मी म्हणालो.

गावात त्याची बोटभर जमीन नव्हती. त्या दिवसापासून तो जीपला असं जपायला लागला, की तिच्यात बसायच्या आधी सभापतींनाही जोडे झटकावे लागत.

भादव्यात एका नाल्यातून वर चढताना गाडीच्या पोटाखाली मोठा आवाज झाला आणि जीप जागच्या जागी थांबली. आत सभापती, तीन सभासद आणि मी. ड्रायव्हर चिखलात आडवा होऊन खाली शिरला, पान्यानं काही तरी सोडवलं आणि मनगटाएवढा जाड, हातभर लांबीचा एक लोखंडी नळा घेऊन बाहेर आला. नळा एका टोकाला तडकला होता. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेतो तो हाच, शाफ्ट. साध्या गाडीला एकच असतो. आमच्या जीपला दोन होते, मागच्या चाकांसाठी एक आणि पुढच्यांसाठी एक. पुढचा फक्त चिखलात कामाला लागायचा, एरवी त्याला आराम. ड्रायव्हरनं तुटका शाफ्ट पाय ठेवायच्या जागेत टाकला, सीटजवळचा एक दांडा ओढला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर आम्हाला घरी आणलं.

"पुढच्यावरच चालते," एक सभासद विचारात पडून म्हणाला, "तं मागचा कायले लावला असन?"

दुसऱ्या दिवशी मी आणि ड्रायव्हर तो शाफ्ट पोत्यात गुंडाळून एसटीनं खामगावला घेऊन गेलो. तिथं कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. जिनिंगमधले शाफ्ट म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यानं आमचा शाफ्ट हातात घेतला, तडा पाहिला आणि हसला. "ये तो काडी है, बाबू. पाइप बदल देता हूँ, लेथ पे सीधा कर देता हूँ. शाम को ले जाना."

ड्रायव्हरचा चेहरा उजळला. पण मी बाबू होतो. समितीला विचारल्याशिवाय दुरुस्ती कशी करायची? नवा मागवायचा की जुना जोडायचा, हे सभेत ठरेल असं मी मिस्त्रीला सांगितलं. त्यानं शाफ्ट परत पोत्यात ठेवला आणि विचारलं, "सभा में कौन मिस्त्री है?"

मिस्त्री कुणी नव्हता. सगळे शेतकरी होते, आणि इथंच घोडं पेंड खाणार होतं. सभेत सगळ्यांत वजनदार सभासद म्हणजे बारा बैलजोड्यांचा धनी. बैलाचा दात न पाहता, नुसत्या चालीवरून वय सांगणारा माणूस. शेगावच्या बाजारात लोक त्याला बैल दाखवायला यायचे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाफ्ट किती असते म्हनता?"

"दोन," मी म्हणालो.

"दुसरा केवढ्या वयाचा?"

"त्याच वयाचा. गाडीसोबतच आलेले दोन्ही."

"मंग सोपं हाये," तो म्हणाला. "जोडीतला एक बैल मेला अन् त्याच्या जोडीले तुमी नवा गोऱ्हा आनला, तं काय होते? नवा ओढते, जुना मान टाकते. जू जाते एका अंगाले. महिन्यात दुसराबी बसते. आनायची तं जोडी आना."

सभेत वीज चमकल्यासारखं सगळ्यांना पटलं. पुढच्या सीटवरून न बोलणारे दोघेही एकमेकांकडे पाहून माना हलवू लागले. त्या वर्षातला एकमतानं मंजूर झालेला हा एकच ठराव.

दाराशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला रीत म्हणून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, पुढचा चांगला हाये. मागचा खामगावचा मिस्त्री संध्याकायपावतर करून देते."

"काऊन बे, नवं नको तुले?" बैलवाला सभासद म्हणाला. "आमी जोडी देऊन राह्यलो, अन् तू थिगळ मागून राह्यला."

सगळे हसले. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन वर्षं अमरावतीला कॉलेजात काढली होती, आणि शाफ्ट काही एका जुवाखाली शेजारी शेजारी चालत नाहीत एवढं मला कळत होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण मी गंभीर चेहऱ्यानं टिपणं घेत बसलो, कारण मला मजा येत होती. खोलीवरच्या मित्रांना हा किस्सा कसा रंगवून सांगायचा, याची मनात जुळवाजुळव चालली होती. आमचे गटविकास अधिकारी बाहेरून नुकतेच बदलून आलेले. त्यांना सभेत शांतता हवी होती. "लिहून घ्या, लिहून घ्या," एवढंच ते म्हणाले.

मी लिहून घेतलं. टाईप करताना 'दोन्ही शाफ्ट समवयस्क असावेत' हे वाक्य मी मुद्दाम तसंच ठेवलं आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग एक अडचण निघाली. चांगल्या वस्तूच्या जागी नवी मागता येत नाही, असा नियम होता. कारणाचा रकाना भरायलाच हवा. मी शहाणा, मी भरला. 'दोन्ही शाफ्ट पूर्णतः निकामी झाले आहेत.' साहेबांनी न वाचता सही केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी शाळेत दहा वेळा लिहून काढली होती.

कागद घाटावर जिल्ह्याच्या कचेरीत गेला आणि चार महिने तिथंच राहिला. तोवर ड्रायव्हर पुढच्या चाकांवर जीप चालवत होता. विहिरी, शाळा, बियाण्याची वाटणी, काहीच अडलं नाही. बैलवाला सभासदही त्याच जीपमधून फिरायचा आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचा की जोडी येऊन राहिली आहे.

जोडी आली नाही, पत्र आलं. ज्या वाहनाचे दोन्ही शाफ्ट निकामी, ते दुरुस्तीला योग्य नाही. सबब वाहन सेवेतून काढण्यात येत आहे, ते वर आणून जमा करावं, चालकाची आवश्यकता उरत नाही. पत्र मी दोनदा वाचलं. माझंच वाक्य मला परत आलं होतं, खाली दुसऱ्याच्या सहीनं. मी उठून मागच्या आवारात गेलो. ड्रायव्हर काच पुसत होता. मी त्याला पत्रातला मजकूर सांगितला; रकाना कुणी भरला ते सांगितलं नाही.

तो काच पुसता पुसताच म्हणाला, "चालवतच नेऊ, बाबू. साहेब डोयानं पाहतीन गाडी चालते म्हनून, तं कागद फाडून टाकतीन."

"हाव," मी म्हणालो. "डोळ्यानं पाहिल्यावर कोण नाही म्हणेल?" मला खरंच तसं वाटत होतं. मी बावीस वर्षांचा होतो.

जमा करायची कागदपत्रं घेऊन मी त्याच्या शेजारी बसलो. घाटापर्यंत सरळ गेलो. पहिल्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. चढावर गाडीचं वजन मागं जातं आणि पुढची चाकं हलकी पडतात, हे त्यानं मला हॅन्डब्रेक ओढून, शिकवणीसारखं समजावून सांगितलं. मग त्यानं जीप वळवली, तोंड खामगावकडे केलं आणि मागं मान वळवून तो उलटा घाट चढायला लागला. आता वजन पुढच्या चाकांवर होतं. वळणावळणाला जीपचं नाक खाली आणि पाठ वर. समोरून येणारी एसटी थांबली, माणसं खिडक्यांतून डोकी काढून सरकारची जीप पाठमोरी वर जाताना पाहू लागली. मी फाईल छातीशी धरून हसत होतो, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता. वर पोचल्यावर त्यानं इंजिन गार होऊ दिलं, फडकं ओलं करून जीप पुसली, स्वतःचा शर्ट खोचला आणि कचेरीच्या आवारात सरळ तोंडानं गाडी नेऊन उभी केली.

तिथला साहेब भला माणूस होता. त्यानं आम्हाला चहा दिला. आवारात येऊन जीपभोवती फिरला, स्वतः बसून एक फेरीही मारली. "उत्तम चालते," तो म्हणाला. ड्रायव्हर ताठ उभा होता.

मग साहेबानं मला आत बोलावलं, ड्रायव्हरही मागोमाग आला. "अडचण अशी आहे," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाला, "गाडी निकामी ठरवल्याचा आदेश वरून होऊन आलाय. आता ती चालते म्हटलं तर तुमच्या समितीचा अहवाल खोटा ठरतो. तो ज्यानं लिहिला त्याची चौकशी लागेल." त्यानं फाईल उघडून माझ्यापुढं सरकवली. "हे अक्षर कुणाचं?"

रकाना मी हातानं भरला होता. मी फाईल मिटून परत सरकवली, त्यावरूनच त्याला कळलं. त्यानं एक छापील कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं की वाहन नादुरुस्त अवस्थेत ओढून आणून जमा केलं. खाली चालकाची सही, साक्षीदाराची सही.

"मी नाई करत," ड्रायव्हर म्हणाला. "बाकी काहीबी लिवा साहेब. पन ओढून आनली असं मी नाई लिहून देत."

"सही नसेल तर मला तुमचा दाखला देता येणार नाही. दुसरीकडं नोकरी कशी मिळेल?"

"बाबू बाजूले होते. त्यायले इचारा."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "काय हो, कशी आणली?"

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. बाहेर जीप उभी होती, तिच्या बॉनेटमधून अजून ऊब येत असेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण मेलो नाही. "ओढून आणली," मी म्हणालो.

ड्रायव्हर माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "बाबू म्हनते तं ओढूनच आनली असन," तो म्हणाला. त्यानं पेन घेतलं आणि मन लावून, एकेक अक्षर काढत सही केली. त्याच्याखाली मी केली.

दाखला तिथल्या तिथं मिळाला. परतीच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो. त्याला सहीपुरतंच लिहिता-वाचता यायचं, म्हणून त्यानं दाखला माझ्या हातात दिला. मी एकेक ओळ थांबत वाचून दाखवली. नाव, नोकरीचा काळ, वर्तणूक चांगली, निर्व्यसनी, वेळेवर हजर. शेवटी एक ओळ होती: त्याच्या ताब्यातलं वाहन निकामी अवस्थेत ओढून जमा करावं लागलं. ती मी गाळली. ड्रायव्हर म्हणून तो जिथं जिथं काम मागायला जाणार होता, तिथं तिथं त्याला हाच कागद पुढं करावा लागणार होता.

"अजून एकडाव वाचा," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं, तेवढंच.

त्यानं दाखला घेतला, मांडीवर सरळ केला आणि वरून खाली एकेका ओळीवर बोट ठेवत गेला. "तुमी पाचच वाचल्या, बाबू," तो म्हणाला. "ओयी तं सहा हायेत."

मग मी सहावी वाचली.