भवानीला गेलेला स्वेटर

माझ्या मावशीनं माझ्यासाठी विणलेला अबोली रंगाचा स्वेटर अंगात घालून एक कुत्रा गर्दीतून निघून चालला आहे... बालपण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं सर्वांत आधी हेच दृश्य उभं राहतं, त्याला मी तरी काय करू! लोकांना अंगण आठवतं, पारिजातकाचा सडा आठवतो. मला आठवतं ते ओल्या हिरवळीवरून, मेंढ्यांच्या कुंपणाला वळसा घालून, आखूड पायांवर तुरुतुरु चालणारं एक लांबुळकं तपकिरी जनावर, त्याच्या पाठीवर ताणून बसलेला माझा स्वेटर, आणि स्टॉलच्या मागं शांतपणे हात पुसत उभी असलेली माझी आई. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. माझ्या तोंडाचा जो आ झाला, तो आज इतक्या वर्षांनीही पुरता मिटला आहे असं मला वाटत नाही.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनंच आईला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि स्वतः मात्र साताऱ्यात आपलं चिंचोळं दुकान सांभाळत राहिली. लोकर, लेस, बटणं, सुया, दोरे असा सगळा रंगीबेरंगी संसार त्या दुकानात असायचा. आत शिरलं की नव्या लोकरीचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि गल्ल्याशेजारच्या उदबत्तीचा मिळून एक कोमट वास यायचा. तो वास मावशीच्या पदरालाही होता, तिच्या पत्रांनाही होता. तिचे नियम मोजकेच, पण पोलादी. त्यांतला पहिला भवानीचा. दुकान उघडल्यावर येणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. तिला नाही म्हणायचं नाही, ती मागेल ते द्यायचं, रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. आई सांगायची, एकदा सकाळी सकाळी कुणी बाई ठरावीक नंबरच्या सुया मागायला आली. त्या नंबरचा एकच जोड होता, आणि त्यावर मावशीचं स्वतःचं अर्धं विणकाम चढलेलं होतं. मावशीनं क्षणभरही विचार केला नाही. सगळे टाके सोडले, सुया पुसून बाईच्या हातात ठेवल्या, आणि महिनाभराचं काम मांडीवर उसवून घेऊन बसली. ही गोष्ट ऐकताना मी दरवेळी ओरडायचे, ‘वेडी आहे का मावशी?’ आणि आई दरवेळी हसायची.

बाबांच्या नोकरीमुळं आम्ही हॉलंडमधल्या टिलबर्गला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. निघताना मावशीनं स्वेटर दिला. परदेशातली थंडी म्हणून तिनं नेहमीची ॲक्रिलिकची लोकर बाजूला सारली होती आणि मुद्दाम अस्सल मेंढीची मागवली होती. अबोली रंग, छातीवर पांढऱ्या बदकांची रांग, आणि एक बदक मुद्दाम उलट्या दिशेला तोंड करून. ते बदक म्हणजे मी, असं मावशी म्हणायची. तो स्वेटर मी अंगातून काढायलाच तयार नसे, त्यामुळं व्हायचं ते झालं. वरण, हळद, शाळेतला रंग, सायकलच्या साखळीचं काळं वंगण असं सगळं त्यावर नांदू लागलं, आणि एका रविवारी आईनं तो हिसकावून मशीनमध्ये टाकला.

पुण्यातलं आमचं मशीन थंड पाण्याचं होतं. इथल्या मशीनच्या चकतीवर तीस, चाळीस, साठ, नव्वद असे आकडे होते. आईला ते मिनिटं वाटले. मळ चिवट आहे, तासभर तरी घुसळू दे, असा विचार करून माउलीनं चकती साठावर फिरवली. ते तापमान होतं हे आम्हाला मशीनचं दार उघडल्यावर कळलं! आतून जे बाहेर आलं ते पाहून आम्ही दोघी जमिनीवर बसलो. माझ्या बाहुलीला जरासा मोठा होईल एवढा, ताठ, जाड, पुठ्ठ्यासारखा स्वेटर. टाके दिसेनासे झालेले, बदकांचे साबुदाणे झालेले. साधी ॲक्रिलिकची लोकर असती तर काही म्हणजे काही झालं नसतं. मावशीनं खरी लोकर आणली तीच नडली. मी भोकाड पसरलं. आई तो ओला गोळा पुन्हा पुन्हा ताणून पाहत होती आणि तो हूं की चूं करत नव्हता.

रडणं ऐकून शेजारची विल्माआजी आली. तिला आजी म्हणायचं हे आईनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, आणि त्या एकट्या बाईला ते इतकं आवडलं होतं की ती पोस्टमनलाही सांगायची. तिनं स्वेटर उजेडात धरला, दोन बोटांनी दाबला, आणि आम्ही अवाक् होऊन पाहत असताना आनंदानं टाळ्या पिटल्या! आमचं वाटोळं झालं होतं आणि ही बाई टाळ्या वाजवत होती! मग तिनं समजावलं की याला फेल्ट म्हणतात, लोकरीला गरम पाणी, साबण आणि मार मिळाला की तंतू एकमेकांना असे घट्ट धरतात की पुन्हा सुटत नाहीत, आणि लोक हे मुद्दाम करतात. तिच्या आईचा अख्खा जन्म टिलबर्गच्या लोकरीच्या गिरणीत गेला होता. घरात अजून पोतंभर लोकर पडून होती.

त्या पोत्यानं आमचं घर बदललं. स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरलेली, ऑलिव्हच्या साबणाचा हिरवट गंध आणि त्याच्या तळाशी ओल्या बकरीसारखा लोकरीचा वास... शाळेतून आले की तोच वास दारात भेटायचा. आई कणीक तिंबावी तशी लोकर तिंबायची, पोळपाटावर चटई गुंडाळून लाटायची, आणि गोळे तर असे वळायची की विल्माआजी थक्क होऊन बघत बसायची. तिला रव्याचे लाडू ठाऊक नव्हते ना! चिमण्या, कोंबड्या, चहाच्या किटलीच्या टोप्या, घरात घालायच्या सपाता, लोकरी गोळ्यांची तोरणं. बाबा म्हणायचे, ‘आपण हॉलंडला आलोय की धनगरवाड्यात?’ पण त्यांच्याच पायात निळ्या सपाता असायच्या.

पुढच्या वसंतापासून आम्ही लोकरीच्या जत्रांना जाऊ लागलो. टिलबर्गच्या आसपास, ब्राबांट प्रांतातल्या खेड्यांत, कुठं चर्चमागच्या कुरणात, कुठं एखाद्या शेतकऱ्याच्या आवारात पट्ट्यापट्ट्यांचे तंबू उभे राहत. चरखे घरघरत असायचे, मेंढ्यांची लोकर उतरवली जात असायची, तळलेल्या माशांचा वास आणि मेंढ्यांचा वास वाऱ्यावर भांडत असायचे, आणि वरती कायम आता पडेल की मग पडेल असं आभाळ. घरात हळू बोलणारी माझी आई तिथं मोडक्यातोडक्या डचमध्ये खणखणीत हाका मारायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही माझीच आई का, म्हणून मी वळून पाहिलं होतं. स्टॉलच्या वर, एका छोट्या हँगरवर, आमचं निशाण फडकायचं—तोच अबोली स्वेटर. कितीतरी जणी विचारायच्या. आई मान हलवायची. तो विक्रीसाठी नाही, माझ्या बहिणीनं विणलाय.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, साताऱ्याहून फोन आला. मावशी दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या गेली होती. इथून विमान गाठेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार होतं, म्हणून आई गेली नाही. तिनं डोक्यावरून आंघोळ केली, ओले केस तसेच पाठीवर सोडले, आणि लोकर भिजत घातली. ती रडली नाही. मी वाट पाहत होते, बाबा वाट पाहत होते, विल्माआजी तर रुमाल घेऊनच बसली होती. आई नुसती तिंबत राहिली. हाताची कातडी सोलवटली तरी तिंबत राहिली. त्या न रडण्याची मला इतकी भीती वाटू लागली की मी तिच्याजवळ जायचं टाळू लागले. मला वाटायचं, माझ्याकडं आता मावशीचं म्हणून काय उरलंय, तर तो स्वेटर, तिच्याकडंही तोच. तो आहे तोवर ठीक आहे.

आणि त्यानंतरची पहिलीच जत्रा. सकाळची वेळ, गवतावर दव, आम्ही नुकत्याच वस्तू मांडलेल्या. एक उंच म्हातारी बाई आली, काखेत तो लांबुळका कुत्रा. थंडीनं कुडकुडत होता बिचारा. बाईनं कशाकडंही पाहिलं नाही, थेट वर बोट केलं.

‘तो हवाय मला.’

मी निर्धास्त होते. आई मान हलवणार, हे मला ठाऊकच होतं. आईनं स्वेटरकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं, आणि मग रिकाम्या गल्ल्याच्या डब्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं नि गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं हात वर केला आणि हँगर काढला.

‘आई! तो मावशीचा आहे!’ मी किंचाळले. मराठीत. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले.

‘भवानी आहे गं,’ आई म्हणाली. ‘मावशी नाही म्हणाली असती का?’

म्हातारीनं तिथल्या तिथं, आमच्या डोळ्यांदेखत, कुत्र्याचे पुढचे पाय बाह्यांत घातले, आणि तो स्वेटर—माझा, मावशीचा, साताऱ्याहून आलेला—त्याला असा चपखल बसला की जणू माप घेऊनच विणला होता. उलटं बदक बरोबर त्याच्या गळ्याखाली आलं. बाई खूश, कुत्रा खूश. मला आईचा राग आला, मावशीचा आला, त्या भवानीचा तर इतका आला की काय सांगू!

पण आम्हाला त्याची सवय झाली, हेही खरंच. दर वसंतात ती बाई यायची आणि गर्दीत आईची नजर जमिनीलगत काहीतरी शोधत राहायची. अबोली ठिपका दिसला की तिचे खांदे सैल पडायचे. ‘आली बघ मावशी,’ असं एकदा ती चक्क म्हणाली, आणि मी हादरून तिच्याकडं पाहतच राहिले. कुत्रा म्हातारा झाला, स्वेटरचा रंग उडाला, कोपरं झिजली. मग एका वर्षी ठिपका दिसला नाही.

बाई मात्र आली. दुपार कलत आली होती, आम्ही आवराआवर करत होतो. तिनं कागदी पिशवी पुढं केली. ‘तो गेला हिवाळ्यात,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी तुमची मुलगी ओरडली होती, ते मी विसरले नाही. भाषा कळली नव्हती, पण ओरडणं कळलं होतं. तरी मी नेला. आता तुम्ही ठेवा.’

आईनं पिशवीत हात घातला. स्वेटर उघडला, उलटं बदक सापडेपर्यंत चाचपला. सगळ्या अंगाला तपकिरी केस होते, आणि ते झटकून निघण्यासारखे नव्हते; लोकरीनं ते आपल्यात ओढून घट्ट करून टाकले होते. मग आईनं तो नाकाशी नेला. तिला काय हवं होतं ते मला लगेच कळलं. नवी लोकर, डांबराच्या गोळ्या, उदबत्ती... पण इतक्या वर्षांनी कुठून येणार! म्हाताऱ्या, पावसात भिजलेल्या कुत्र्याचा उग्र दर्प माझ्यापर्यंत आला. आणि माझी आई, जी फोन खाली ठेवल्यावर रडली नव्हती, वर्षश्राद्धाला रडली नव्हती, ती त्या कुत्र्याच्या वासात तोंड खुपसून, भर जत्रेत, ‘ताई गं, ताई गं’ म्हणत हमसून हमसून रडू लागली. ती परकी म्हातारी स्टॉलला वळसा घालून आत आली, आईला तिनं जवळ घेतलं, आणि मग दोघी रडल्या, एक बहिणीसाठी आणि एक कुत्र्यासाठी. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, याचंच मला पुढं कितीतरी दिवस आश्चर्य वाटत होतं.

विल्माआजी आता नाही. आईच्या मनगटांना गरम पाणी सोसत नाही, म्हणून तिंबायचं काम माझ्याकडं आलंय. मी ऑफिसला सुट्टी टाकते, आणि आम्ही दोघी अजून जत्रांना जातो. ती मागं घडीच्या खुर्चीवर बसते. मी भवानी-बिवानी काही मानत नाही, हे इथं स्पष्ट सांगते. पण स्वेटर मी सकाळी वर लावत नाही. तो पिशवीत, पिशवी टेबलाखाली, आणि वरून माझा कोट.

यंदाच्या वसंतात आईच्या ते लक्षात आलं. ‘अगं, लाव की तो वर.’

‘होऊ दे भवानी,’ मी म्हटलं.

थोड्या वेळानं एका तरुण बाईनं पिवळी कोंबडी घेतली. ती चार पावलं पुढं गेली असेल-नसेल, तोच आई खुर्चीतून उठली, वाकून माझा कोट बाजूला केला, स्वेटर काढला, आणि हँगरवर चढवण्याआधी नाकाशी धरला.

‘येतो का गं अजून वास?’ मी विचारलं.

‘येतो,’ आई म्हणाली. कुणाचा, ते मी विचारलं नाही.