अर्धं सूत

मित्रांनो, हे डाव्या हातानं टाइप करतोय. उजवा लकव्यानं गेला. मोटार वाइंडिंग मी कुणाच्याही हाताखाली न राहता शिकलो, ते त्याच उजव्या हातानं.

सांगलीच्या दवाखान्यात फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी महिनाभर माझा व्यायाम घ्यायची. रोज विचारायची, "काका, काही फरक?"

बोट अर्धं सूत हलायचं, म्हणजे दीड मिलिमीटर. तेवढ्याला मी फरक म्हणत नाही. "न्हाई," म्हणायचो.

आज तिची पोस्टिंग संपली. मी विचारलं, "पुढं लकव्याचंच शिकणार न्हवं?"

"नाही काका, खेळाडूंचं घेणार. महिनाभर झटले, तुम्हालाही फरक नाही."

पहिल्या दिवशी ते बोट मुळीच हलत नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही, ती गेली.

आता सांगितलं तर तिला खरं वाटेल का?