आठवी अमावास्या

रत्नमालाला सोमनाथच्या बोटाची किळस होती. शहागंजातल्या साडीच्या दुकानात अकरा वर्षं ती पदर उलगडून दाखवत आली, आणि तिथला हा मॅनेजर अकरा वर्षं तेच बोट जिभेला लावून पानं उलटत आला. गालात सदा गुटखा. आज तिचा सुट्टीचा अर्ज बघून त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि बावीस-तेवीस ऑक्टोबरवर लालसर डाग उमटवला.

"तुमच्या बहाई धर्माच्या दोन संस्थापकांचे, बाब आणि बहाउल्लांचे जन्मदिवस. बरं. गेल्या साली याच नावानं नोव्हेंबरात सुट्टी नेली, औंदा ऑक्टोबरात? माणूस दर साली नव्या तारखेला जन्मतो व्हय? थापा लई मारतीस, बाई."

काउंटरवरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. ज्याच्या तोंडाचा वास साड्यांच्या घड्यांत बसलाय, त्यानं तिला थापाडी म्हणावं!

"तुमचं लक्ष्मीपूजन गेल्या साली कवा होतं, भाऊ?"

"एक नोव्हेंबरला."

"आन औंदा?"

"एकवीस ऑक्टोबरला. पण ते येगळं. ते अमावास्येवर ठरतं."

"आमचंबी त्याच अमावास्येवर ठरतं. आमचं नवं वर्ष मार्चात, नवरोजला लागतं. तिथून आठवी अमावास्या मोजायची, आन तिच्यानंतरचे हे दोन दिवस."

सोमनाथनं कोपऱ्यातल्या डब्यात पिचकारी मारली. "पुरावा आण."

"लक्ष्मीपूजन झालं की तोंडातलं थुंकून बाहेर या आन वर बघा," ती म्हणाली. "चंद्र दिसला नाय, की तोच माझा पुरावा."