तानाबाईंच्या हनुवटीवरचं गोंदण

प्रसेनजीत कांबळे खोटं बोलणारा माणूस नव्हता, पण फुशारकी मारायची खोड त्याला भारी. पापाच्या तिकटीच्या चौकाजवळ त्याचा फोटो स्टुडिओ. दोन हजार पाच साली तिथं आठ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा आला आणि गड्याचे पाय जमिनीवर ठरेनात. दारावर 'आठ मेगापिक्सेल'ची पाटी लागली. चार मेगापिक्सेलचा जुना, मोठ्या भिंगाचा कॅमेरा कपाटात गेला. आठ म्हणजे चारच्या दुप्पट, त्यात विचार कसला करायचा!

त्या उन्हाळ्यात कागलकडच्या तानाबाई एकट्याच आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"माझा फोटू काढ बाबा, मी गेल्यावर भितीला लावायला. पोरं आयत्या वक्ताला लग्नाच्या फोटूतल्या घोळक्यातनं मुंडकं तेवढं कापून काढत्यात. तसं नगं." मग हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे गोंदण दिसाय पायजे. आईनं मांडीवर घिऊन गोंदवून घेतल्यालं हाय."

"टिपका न् टिपका दिसंल की आज्जी! आठ मेगापिक्सेल हाय!"

लाइट गेली होती. तानाबाई थांबायला तयार होत्या.

"ह्याला लाइट कशाला लागतीया?" म्हणत त्यानं दाराच्या अंधुक उजेडात एकच फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर तो झकास दिसला.

थंडीत तानाबाई गेल्या. त्यांची लेक बनाबाई फोटो मोठा करून न्यायला आली. प्रसेनजीतनं तो कॉम्प्युटरवर मोठा केला. चेहराभर रवा सांडल्यासारखे दाणे, हनुवटीवर नुसता करडा डाग. कॅमेऱ्याचं भिंग चिमणीच्या डोळ्याएवढं, त्यात उजेड नाही. आठ मेगापिक्सेलचे ऐंशी लाख ठिपके होते खरे, पण त्यांत गोंदणाचा एकही नव्हता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बनाबाई डोळे पुसत बाकावर बसली होती आणि दारावर पाटी होती. त्यानं माउस धरला आणि डागावर चार हिरवे टिपके काढले. चारच का? चार बरे दिसले म्हणून.

पाटी त्यानं दुसऱ्याच दिवशी उतरवली. जुना कॅमेरा बाहेर आला. "मेगापिक्सेल ऱ्हाऊ दे, भिंग बघा, उजेड बघा," असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. मनातली बोच काही जाईना. त्या बाईनं मरणाआधी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्यानं फुशारकीपायी घालवली होती.

वर्ष उलटलं. चैत्रात बनाबाई स्वतःचा फोटो काढायला आली. हनुवटीवर ताजं गोंदण, अजून थोडं सुजलेलं.

"जोतिबाच्या जत्रंत घेतलं. आईच्या फोटूवरनं, हुबेहूब." ती हसली. "मला तीनच टिपकं आठवत हुतं बघा दादा. धाकटी बी तीनच म्हणती. पर फोटूत चार हाईत की! आपल्या डोळ्यांचं काय खरं? तुमचा क्यामेरा आठ मेगापिक्सेलचा."

प्रसेनजीतनं जुन्या कॅमेऱ्याला डोळा लावला. स्टुडिओतले दोन्ही दिवे चालू होते. चारही टिपके लख्ख दिसत होते, आणि चौथा त्याचा होता. सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"ताई," तो म्हणाला, "हलू नगासा."