‘घरची चकली’ विकणे नाही

अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या शैलजाकाकूंना आमच्या महाराष्ट्र मंडळात कोणी बिझनेसवाली समजत नव्हतं. २००२ साली त्यांच्या ऑफिसने डेटा एंट्रीचं अख्खं खातं बंद केलं, तेव्हा त्या पन्नाशीला आलेल्या. रडत बसल्या नाहीत. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर स्वतःच शिकल्या: आठ-नऊ डॉलरला इंटरनेटवरचं एक नाव वर्षभर आपलं होतं, त्या पत्त्यावर नुसत्या जाहिराती लावून ठेवल्या तरी कोणी क्लिक केलं की चार सेंट पदरात पडतात. अशी चाळीस नावं घेतली. त्यातलं एक, घरचीचकली डॉट कॉम.

मंडळातली सॉफ्टवेअर इंजिनिअर मंडळी हसायची. परीक्षित म्हणाला, “काकू, माल नाही, दुकान नाही, नुसती पाटी?”

“तुझ्या कंपनीचा माल तरी कोणी हातात धरलाय का रे?”

२००६ मध्ये एका फराळ कंपनीने ‘घरची चकली’ नावाची पाकिटं काढली. त्यांचा एक गोडबोल्या मराठी माणूस फोनवर विचारू लागला, नाव कितीला देता? फोन घेतला होता काकूंच्या यजमानांनी, अरुणकाकांनी. “पन्नास हजार डॉलर,” म्हणाले आणि ठेवला.

महिन्याभरात, इंटरनेटवरच्या नावांचे तंटे सोडवणाऱ्या लवादाकडे कंपनीच्या वकिलाची तक्रार हजर. बाईंनी आमचं नाव अडवून खंडणी मागितली, नाव आमच्या हवाली करा. उत्तराला वीस दिवस.

काकांचा चेहरा पडला. “मी आपलं त्याला कटवायला म्हटलं गं. देऊन टाक. आपला देश नाही हा.”

“बावीस वर्षं टॅक्स भरतोय. अजून कोणाचा देश?”

वकील केला नाही. काकू सांगत गेल्या, टायपिंग माझ्याकडे. पुरावा म्हणून मंडळाची १९८९ची स्मरणिका जोडली. तिच्यात काकूंचीच जाहिरात: ‘घरची चकली, ऑर्डरप्रमाणे.’ कंपनी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती!

मग त्या पन्नास हजारांबद्दल लिहायला लावलं: ‘आमच्यात वस्तू द्यायची नसेल तर तोंडावर नाही म्हणत नाहीत. समोरचा उठून जाईल असा भाव सांगतात. तो भाव म्हणजेच नकार. फोनवरचा माणूस मराठी होता, त्याला तो बरोबर कळला.’

मी म्हटलं, “काकू, हे काढा. हसतील.”

“हसू देत. खरं आहे ते मी का लपवू? टाइप कर.”

दोन महिन्यांनी निकाल आला. लवादाने दोन्ही मुद्दे मान्य केले, नाव काकूंकडेच राहिलं. मंडळात लगेच सल्ले सुरू: आता भाव आलाय, आता विका.

काकूंनी त्याच दुपारी क्रेडिट कार्ड काढलं आणि नावाची पुढच्या दहा वर्षांची फी भरून टाकली.

“दहाच्या वर घेतच नाहीत म्हणे,” माझ्यावरच डाफरल्या. “का? मी काय एवढ्यात मरतेय?”